बाराशे बायकांची चाळिशी

मी चिडले की आधी उभी राहते, मग वाचते. ते पत्रही मी उभ्यानंच वाचलं.

दूरच्या एका देशाच्या सरकारचं एक खातं आहे. गरिबी कमी करायची कामं जगात जिथे कुठे चालतात, त्यांना ते अनुदान देतं. आमच्या चष्म्यांच्या कारखान्याला पहिल्या वर्षाचं अनुदान त्यांनीच दिलं होतं आणि दुसऱ्या वर्षाचं आमचा अहवाल बघून ठरणार होतं. अहवाल मी महिन्यापूर्वीच पाठवला होता. आता त्यांनी विचारलं होतं की अर्जात तुम्ही बाराशे बायकांना चष्मे देऊ असं म्हटलंत, अहवालात चाळीसच दिसतात, तर बाकीच्या सामानाचं काय झालं ते वीस तारखेच्या आत कळवा. तोवर पुढचं अनुदान थांबवलं आहे.

“चाळीस?” मी ओरडले. “चाळीस तर आपण एका बाजारच्या दिवशी देतो! चोर समजतात की काय आपल्याला?”

टेबलाभोवती बसलेल्या आठही जणींचे हात थांबले. आक्काचे थांबले नाहीत. तिनं हातातली तार वाकवली, कानामागची आकडी बरोबर आली का ते पाहिलं आणि फ्रेम डब्यात टाकली.

“कामं थांबवू नका ग,” ती म्हणाली. “हेडबाई ओरडतेय, छप्पर नाही पडलं.”

हेडबाई म्हणजे मी. मी कधीच हेड नव्हते, साधी मास्तरीण होते. शाळा बंद पडल्यावर इथे लिहायवाचायच्या कामाला आले, पण आवाज शाळेतलाच राहिला, म्हणून बायकांनी मला परस्पर बढती देऊन टाकली. आक्का माझी सख्खी थोरली बहीण. तिला मात्र सगळं गाव आक्काच म्हणतं, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या. पूर्वी तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, फरशीवर तेलाचे डाग अजून आहेत. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर लाकडी ठोकळे, ठोकळ्यांवर खिळे ठोकून केलेले साचे. त्या खिळ्यांभोवती तार वळवायची, नाकावर एक वळण, कानामागे आकडी, आणि मग भिंगं दाबून बसवायची. खट्ट असा आवाज आला म्हणजे चष्मा झाला. भिंगांचे सात नंबर, सात डब्यांत. दुसऱ्या खोलीत एक स्टूल, एक आरसा, तपासायच्या भिंगांची पेटी आणि माझा कॉम्प्युटर.

हे सगळं आक्काला सुचलं ते स्वतःच्या अनुभवातून. सतराव्या वर्षापासून ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवत होती. बेचाळिसाव्या वर्षी तिला सुईत दोरा ओवता येईना. दोन महिने शेजारच्या मशीनवरची बाई तिला दोरा ओवून देत होती. तिसऱ्या महिन्यात सुपरवायझरनं पाहिलं आणि तिला घरी पाठवलं. पुढे कधीतरी जुन्या बाजारात कुणाचा तरी चष्मा तिनं गंमत म्हणून डोळ्यांवर लावला, तर स्वतःच्या बाहीची वीण दिसायला लागली. “दोन काचांपायी घरी बसले मी,” असं ती अजूनही सांगते, आणि सांगताना अजूनही तिला राग येतो. आमच्या दोघींत एवढी एकच गोष्ट सारखी आहे.

आणि तिची एक पद्धत आहे. डोळे तपासायला भिंतीवर अक्षरांचा तक्ता नाही, कारण येणाऱ्या निम्म्या बायकांना अक्षर येत नाही. आक्का प्रत्येकीला स्टुलावर बसवते आणि एकच विचारते, “काम काय करतेस?” शिवणारीच्या हातात सुई देते. धान्य निवडणारीसमोर खडे मिसळलेलं धान्य ठेवते. एक सुईण आली होती, तिच्या हातात इंजेक्शनची सिरिंज दिली आणि रेघा मोजायला सांगितल्या. ज्या भिंगातून तिला तिचं काम दिसेल, तो तिचा नंबर. वहीत नाव, गाव, काम, नंबर आणि सही किंवा अंगठा. अशा बाराशे सव्वीस नोंदी त्या वर्षी झाल्या होत्या, आणि ते म्हणे चाळीस!

मी बसले आणि तीन पानी उत्तर खरडलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना इथली धूळ काय कळणार, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. मला ते फार आवडलं होतं. आक्कानं ऐकून घेतलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण आधी तू काय पाठवलंस ते वाच.”

“मला पाठ आहे ते.”

“आपल्या भाषेतलं पाठ आहे. त्यांना गेलं ते त्यांच्या भाषेतलं. ते वाच.”

आता इथे मला कबुली द्यायला हवी. त्यांची भाषा मला चांगली येते, बावीस वर्षं शाळेत शिकवली आहे. पण अहवाल मोठा होता, म्हणून मी तो आपल्या भाषेत लिहिला आणि कॉम्प्युटरमधल्या भाषांतराच्या यंत्रात घातला. शेवटच्या पानावर एक चौकट असते: ‘हे भाषांतर मी शब्दन्‌शब्द तपासलं आहे.’ तिथे मी झोकात सही केली. तपासलं मात्र नव्हतं. पडद्यावरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसत होती. पान वरून खाली सरकवलं, मधूनमधून मान हलवली आणि पाठवून दिलं.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. मला चाळिशी लागली नाही, असं मी तेरा वर्षं जगाला सांगत आले. कुणी विचारलं तर म्हणायचे, डोळे ठणठणीत आहेत, हात तेवढे आखूड पडतात. बाराशे बायकांना चष्मे देणाऱ्या कारखान्यात बसून हे सांगायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“बघते नंतर,” मी म्हणाले.

आक्का उठली. दंडाला धरून तिनं मला दुसऱ्या खोलीत नेलं आणि स्टुलावर बसवलं. बाकीच्या जणी दारात गोळा झाल्या.

“काम काय करतेस?” तिनं विचारलं, जशी कुणालाही विचारते तशी.

“आक्का, पुरे हं.”

“काम काय करतेस, बाई?”

“लिहिते,” मी म्हणाले. “आणि लिहिलेलं वाचते, असं लोकांना सांगते.”

तिसऱ्या भिंगाला पडद्यावरच्या मुंग्यांची अक्षरं झाली. आणि मी आमचा अहवाल, त्यांच्या भाषेतला, आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

‘वर्षभरात काय वाटप केलं?’ या प्रश्नापुढे मी एकच शब्द लिहिला होता, चाळिशी. गावागावांचे आकडे सोबतच्या यादीत होते, पण ती यादी यंत्रात घालायची राहून आपल्याच भाषेत गेली होती. यंत्रानं त्या शब्दाचं भाषांतर केलं होतं: चाळीस.

आणि ते एवढ्यावर थांबलं नव्हतं. ‘आम्ही गावोगावी जाऊन बायकांचे चाळीस तपासतो.’ ‘चाळीस नाकावर नीट बसते ना, हे पाहिलं जातं.’ ‘एखादीचं चाळिसावं वर्ष मोडलं, तर आम्ही ते फुकट दुरुस्त करून देतो.’ ‘छप्पन्न वर्षांच्या एका शिवणाऱ्या बाईला तिचं चाळिसावं वर्ष परत मिळालं आणि ती दुसऱ्याच दिवशी कामावर गेली.’

मी एकेक वाक्य आपल्या भाषेत करून सांगत होते. तिसऱ्या वाक्याला आमच्यातली बडबडी भिंतीला टेकून खाली बसली. “माझं फुकट दुरुस्त करा ना हो, हेडबाई,” ती हसता हसता म्हणाली, “फार मोडलंय!” सगळ्या हसत होत्या. मीही हसले, आणि मग माझं हसणं कधी रडण्यात गेलं ते मलाच कळलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर सही करून ओढवून घेतलं होतं.

कारण अनुदानाच्या नियमांत लिहिलं होतं, ते मी तेव्हा शोधून वाचलं, की खोटं प्रमाणपत्र दिल्याचं आढळल्यास अनुदान कायमचं बंद होईल. माझी सही खोटीच होती. अनुदान बंद झालं तर भिंगं संपली की कारखाना संपला. आधी आक्कानं वर्षानुवर्षं पदरमोड करून तो रडतखडत चालवला होता, आता तिच्याकडे मोडायला पदर उरला नव्हता. आठ जणींचं काम जाणार, आणि भिंतीवर पुढच्या वर्षाच्या एकतीस गावांची यादी लावली होती, तिथल्या बायकांना आम्ही येतो म्हणून सांगून ठेवलं होतं.

“यंत्र चुकलं असं कळवते,” मी म्हणाले. “ते खरंच आहे.”

“चुकलंच यंत्र,” आक्का म्हणाली. “पण ‘तपासलं आहे’ हे यंत्रानं लिहिलं का?”

मी पडद्यावरची माझी झोकदार सही पुन्हा पाहिली.

“तूच ठरव,” ती म्हणाली. “मी काही बोलणार नाही.” आणि खरोखरच बोलली नाही. परत टेबलाशी गेली आणि तार वाकवू लागली. तिनं दोन शब्द सुनावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

तीन पानी उत्तर मी फाडलं आणि अर्ध्या पानाचं लिहिलं. आमच्या भाषेत चाळिशी म्हणजे वयही आणि जवळचं दिसायचा चष्माही. वाटप बाराशे सव्वीस आहे, वही बघायला यावं. भाषांतर तपासल्याची सही माझी आहे आणि मी ते तपासलं नव्हतं, कारण मला जवळचं दिसत नाही आणि चष्मा लावायची मला लाज वाटत होती. यात कारखान्यातल्या इतर कुणाचाही दोष नाही. या वेळी ते मी स्वतः त्यांच्या भाषेत लिहिलं आणि डोळ्यांवर चष्मा ठेवून चार वेळा वाचलं.

अकरा दिवस काही आलं नाही. माझा दिवस दाराकडे बघण्यात जायचा. मग एका ओळीचा निरोप आला की आमच्या अधिकारी भेटीला येत आहेत.

आल्या त्या उंच, केस पांढरे, बूट धुळीनं माखलेले. सोबत टक्कल असलेला एक दुभाषी होता. त्या साधं “पाणी मिळेल का” म्हणाल्या, तरी तो ते न्यायाधीशानं निकाल वाचावा तसं सांगायचा. मला त्यांची भाषा येत होती, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्यामुळे त्याचा आधारच वाटला.

बाईंनी वही मागितली. मधलीच पानं उघडून सात नावांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, यांना भेटायचंय. आम्ही गल्लीगल्लीतून हिंडलो. त्यांनी कुणालाही चष्मा दाखवा म्हटलं नाही. प्रत्येकीला म्हणाल्या, “काम दाखवा.” आक्कानं माझ्याकडे पाहिलं. एकीनं शिवण दाखवलं, एकीनं उघडलेला रेडिओ. सुईण मात्र चिडली, म्हणाली, “काम दाखवायला आधी कुणीतरी बाळंत व्हायला हवं!” दुभाष्यानं तेही गंभीरपणे सांगितलं. पाहुण्या बाई पहिल्यांदा हसल्या.

परत आल्यावर त्या टेबलाशी बसल्या, आणि जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही.

त्यांच्या कचेरीत आलेले अहवाल आधी कॉम्प्युटर बघतो. ठरलं होतं बाराशे, झालं चाळीस, की तो लाल खूण करतो. लाल खूण झालेल्या कागदांना नकाराचं पत्र जातं. ते छापलेलंच असतं, फक्त सही करायची. दिवसाला अशी वीस-पंचवीस. आमचंही छापून त्यांच्या टेबलावर आलं होतं आणि पेन त्यांच्या हातात होतं.

“आणि तेवढ्यात मला ते वाक्य दिसलं,” त्या म्हणाल्या. “छप्पन्न वर्षांच्या बाईला तिचं चाळिसावं वर्ष परत मिळालं. मी एकोणसाठची आहे. म्हटलं, हे कुठे मिळतं ते वाचू तरी. मग सगळा अहवाल वाचला. एक अक्षर कळलं नाही. पण इतकं न कळणारं कुणी चोरी करण्यासाठी लिहीत नाही. म्हणून नकार बाजूला ठेवला आणि तुम्हाला प्रश्न पाठवला.”

ज्या प्रश्नावर मी उभी राहून ओरडले होते, ज्याला तीन पानं शिव्या लिहिल्या होत्या, तो प्रश्न म्हणजे आम्हाला मिळालेलं जीवदान होतं. मी बाईंचा हात धरला आणि त्यांच्याच भाषेत म्हणाले, “तुम्ही विचारलंत, त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे.” व्याकरण चुकलं असावं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि म्हणाल्या, ठरवणारी मी एकटी नाही, समिती आहे, मी जे पाहिलं ते लिहीन.

समितीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. मी बसून, चष्मा लावून वाचलं. अनुदान मंजूर. जीव भांड्यात पडला. पण खाली दोन अटी होत्या. एक, यापुढे अहवाल तुमच्याच भाषेत पाठवा, भाषांतर आम्ही माणसाकडून करून घेऊ. दुसरी, मागच्या अहवालाच्या प्रमाणपत्रावर ज्यांनी सही केली, त्यांनी तीन वर्षं कोणत्याही कागदावर सही करू नये.

बायका आपापल्या साच्यांकडे बघू लागल्या. खोटं कशाला सांगू, झोंबलं. बावीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर सह्या केल्या होत्या. पण कारखाना राहिला होता, आणि माझ्या एका खोट्या सहीची एवढीच किंमत लागली, याचे मला आभारच मानायला हवेत. मी मानलेही, मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

“लिहायचं तूच,” आक्का म्हणाली. “सही मी करीन. पण वाचल्याशिवाय नाही. आणि तू वाचून दाखवायचं नाहीस. मी वाचणार.”

आक्काची शाळा सातवीत सुटली. वाचते, पण बोट ठेवून, हळू. सहा महिन्यांचा अहवाल तयार झाला, तेव्हा दुपारी जेवणं झाल्यावर ती तो घेऊन खिडकीशी बसली. मी समोर. पहिली दोन पानं व्हायला अर्धा तास लागला. एका ठिकाणी तिनं नंबर चुकलेला पकडला. बरोबरच पकडला.

तिसऱ्या पानावर ‘संस्था कुणी सुरू केली’ असा भाग असतो. तो दर वेळी तोच असतो, मी मागच्या अहवालातून जसाच्या तसा उतरवला होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हा ती वाचणार आहे. तोंडातल्या तोंडात एकेक शब्द जुळवत ती वाचू लागली.

“ही संस्था ज्यांनी सुरू केली... त्यांची शाळा सातवीत सुटली... कारण घरात दोन बहिणी होत्या... आणि शिक्षण एकीचंच झेपणार होतं. त्यांनी पंचवीस वर्षं... कॉलर शिवल्या. धाकटी शिकून... शिक्षिका झाली. हा अहवाल... ती धाकटी लिहिते आहे. तिला जे वाचता येतं... ते थोरलीच्या डोळ्यांवर.”

बोट तिथेच थांबलं.

“हे मागच्या वेळीपण होतं?”

“होतं.”

“तिकडे पाठवलंस?”

“पाठवलं.”

“सरकारला सांगितलंस,” आक्का म्हणाली. “परक्या. मला नाही सांगितलंस.”

पंचेचाळीस वर्षं मी तिच्याशी भांडले, तिच्यावर ओरडले, तिच्या हातचं जेवले. हे एवढं मात्र तिला कधी म्हटलं नव्हतं. परक्यांच्या फॉर्ममध्ये त्यासाठी चौकट होती, आमच्या घरात नव्हती.

“आता सांगते,” मी म्हणाले. आवाज शाळेतला राहिला नव्हता. “तुझ्यामुळे शिकले, आक्का. सगळं तुझ्यामुळेच.”

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“हे चुकीचं आहे,” ती म्हणाली आणि ‘एकीचंच झेपणार होतं’ या शब्दांवर नख ओढलं. “दोघींचं झेपलं असतं. मला शाळा आवडायची नाही. खोड ते. मी खोट्यावर सही करणार नाही.”

“आक्का, तुझ्या वर्गाच्या बाई तीनदा घरी आल्या होत्या. हिला शाळेतून काढू नका म्हणायला. मी आठ वर्षांची होते, दारामागे उभी होते. तू चुलीपुढे बसून रडत होतीस.”

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“तीनदा नाही,” ती शेवटी म्हणाली. “चारदा आल्या होत्या.”

मग तिनं पान उलटलं आणि पुढचा आकडा मला विचारू लागली.